पुढचे पुस्तक : लीळाचरित्राच्या बाजूने

सामूहिक वाचनासाठी एखादी अभिजात कृती निवडावयाची म्हटले की प्रश्न वरकरणी आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः अशी निवड करताना प्रत्येक वाचनमंडळ आपल्या भाषेच्या साहित्यपरंपरेविषयी एक भूमिका घेत असते. ती उच्चारली जातेच असे नाही, एवढेच. आमच्या मंडळापुढे सध्या हा प्रश्न उभा आहे. काही महाविद्यालयांतील मराठीचे अध्यापक, एक-दोन ग्रंथपाल, माजी विद्यार्थी आणि निवृत्त शालेय शिक्षक अशा वीसेक जणांच्या या मंडळात पाच नावे सुचविली गेली आहेत : हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', विश्राम बेडेकरांची 'रणांगण', उद्धव शेळके यांची 'धग' आणि म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र'. येत्या बैठकीत यांतून एकाची निवड व्हावयाची आहे. हे टिपण लिहिणारे आम्ही दोघे लीळाचरित्राच्या बाजूचे आहोत, आणि तूर्त अल्पमतात आहोत. बैठकीत प्रत्येकाला मिळणाऱ्या पाच मिनिटांत जे मांडता येणार नाही, ते येथे सविस्तर मांडावे असे आम्हांस वाटले.

प्रथम उरलेल्या चार पुस्तकांविषयी. त्यांपैकी एकाही पुस्तकाची योग्यता आम्हांस अमान्य नाही. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. एका स्त्रीचे आत्मकथन पुरुष लेखकाने लिहावे आणि ते वाचकांना खरे वाटावे, ही घटना आजही विचार करावयास लावणारी आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात आली; मराठी आत्मचरित्राला बोलण्याचा इतका मोकळा सूर क्वचितच लाभला असेल. १९३९ ची 'रणांगण' युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका बोटीवर महायुद्धाच्या सावलीतील माणसे गोळा करते. १९६० ची 'धग' वऱ्हाडातील कौतिक नावाच्या स्त्रीची झुंज वऱ्हाडी बोलीतून उभी करते. या पुस्तकांची बाजू घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांची मते अभ्यासू आहेत. त्यांच्या सूचनांच्या मुळाशी असलेल्या निकषाशी मात्र आमचा मतभेद आहे.

तो निकष असा की, सर्वांना आवडेल आणि सर्वांकडून वाचून होईल ते पुस्तक घ्यावे. मतदानाने पुस्तक निवडले की हा निकष आपोआपच लागू होतो. कोणाचाही तीव्र विरोध नसलेले पुस्तक निवडून येते, आणि अशा पुस्तकाविषयी कोणाला तीव्रतेने काही म्हणावयाचेही नसते. 'स्मृतिचित्रे' मंडळाला आवडेल यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण तिची गोडी चाखण्यासाठी वीस माणसांनी एकत्र बसण्याची गरज आहे काय? 'रणांगण' तर एखाद्या रात्रीत एकट्याने वाचून संपविण्याजोगी कादंबरी आहे, आणि ती तशीच वाचावी. एकट्याने वाचताना जे पुस्तक आपल्याकडून पुन्हापुन्हा हातावेगळे राहते, ज्याचे दहावे पान ओलांडण्यासाठी सोबत लागते, ज्याचा अर्थ लावण्यासाठी एकाहून अधिक जणांची जाण कामी यावी लागते, ते पुस्तक मंडळाने वाचावे. सामूहिक वाचनाचे प्रयोजन आम्हांस यातच दिसते.

मराठीला ही कल्पना नवी नाही. वाचनमंडळ ही विलायती प्रथा आहे असे गृहीत धरून आपण तिच्याविषयी बोलतो. परंतु चातुर्मासातील पोथीवाचन, सप्ताहातील पारायण, एकाने वाचावे आणि जाणत्याने निरूपण करावे ही पद्धत शतकानुशतके आपल्या गावांतून चालत आलेली आहे. १२९० साली सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आज सर्वसामान्य वाचकाला अगदीच परकी वाटत नाही, याचे श्रेय विद्यापीठांतील प्राध्यापकांपेक्षा या पारायणांकडे अधिक जाते. कठीण शब्द पुन्हापुन्हा कानांवर पडला म्हणून तो ओळखीचा झाला. लीळाचरित्राच्या वाट्याला पंथाबाहेर हे भाग्य आले नाही. महानुभावांचे ग्रंथ दीर्घकाळ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राहिले. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडल्यानंतरच विसाव्या शतकात ते इतर मराठी वाचकांपुढे येऊ लागले. १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले, पुढे शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती आली आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. म्हणजे तेराव्या शतकातला हा ग्रंथ आपल्यासारख्या वाचकांच्या हाती येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. एवढ्या अल्प काळात तो आपण एकत्र बसून मोठ्याने वाचला कोठे? छापला गेला आणि थेट अभ्यासक्रमात गेला.

अभ्यासक्रमात गेल्यावर त्याचे काय झाले, हे मराठी घेऊन एम. ए. झालेल्या कोणालाही सांगावयास नको. मराठीतील आद्य गद्यग्रंथ कोणता, या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना पाठ असते. 'लीळाचरित्रातील समाजदर्शन' आणि 'लीळाचरित्राचे गद्यविशेष' हे दीर्घोत्तरी प्रश्न आलटून पालटून येतात. त्यांची उत्तरे गाइडांत तयार असतात. नेमलेले वेचे वाचले की ग्रंथ वाचल्याचे समाधान मिळते, आणि पुष्कळदा वेच्यांऐवजी वेच्यांचा सारांशच वाचला जातो. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. आम्ही शिकवितो तेही वेचेच. ज्या ग्रंथापासून आपण मराठी गद्याचा इतिहास सुरू करतो, तो ग्रंथ सलग वाचलेले अध्यापक एका विभागात किती निघतील, याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी अंदाज घ्यावा.

हा प्रश्न आज अधिक अवघड झाला आहे, तो आणखी एका कारणाने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराव्यांची मांडणी केली होती, आणि प्राचीन मराठी ग्रंथसंपदा हा त्या मांडणीचा मोठा आधार होता. ज्या रिद्धपुराशी महानुभावांचा इतिहास जोडलेला आहे, तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही आता स्थापन झाले आहे. या दोन्ही घटनांचा आम्हांस मनःपूर्वक आनंद आहे. तथापि 'अभिजात' हे विशेषण भाषेला लागते तेव्हा त्याचा अर्थ एक असतो आणि ग्रंथाला लागते तेव्हा दुसरा. भाषेचे अभिजातपण शिलालेखांनी, पोथ्यांनी, कालनिर्णयांनी सिद्ध करता येते आणि शासनाच्या निर्णयाने त्यावर शिक्कामोर्तब होते. ग्रंथाचे अभिजातपण मात्र प्रत्येक पिढीने तो वाचला, त्याच्याशी भांडली, त्यातून आपल्यापुरते काही उचलले, यावर टिकते. ज्या ग्रंथांचे दाखले देऊन आपण दर्जा मागितला, त्यांकडे दर्जा मिळाल्यावर पुराव्याचे कागद म्हणून पाहावयाचे की पुस्तके म्हणून, हे ठरविण्याची जबाबदारी शासनाकडे सोपविता येणार नाही. ती मराठी शिकविणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची आहे.

लीळाचरित्राच्या विरोधात घेतला गेलेला पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप भाषेचा आहे. तेराव्या शतकातील गद्य आजच्या वाचकाला, विशेषतः मंडळातील मराठीचे औपचारिक शिक्षण नसलेल्या सभासदांना, पेलणार नाही असे म्हटले जाते. या आक्षेपाचा विचार करताना 'स्मृतिस्थळा'तील एक प्रसिद्ध प्रसंग आम्हांस आठवतो. केसोबास संस्कृतातून लिहू पाहतात तेव्हा नागदेवाचार्य त्यांना थांबवितात. त्यामुळे माझ्या म्हाताऱ्यांचे नुकसान होईल, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य आहे. ज्यांना पंडितांची भाषा येत नव्हती अशा स्त्रियांना कळावे म्हणून जी भाषा आग्रहाने धरली गेली, तीच भाषा आज मराठीच्या पदव्युत्तर पदवीधरांना कठीण वाटावी, ही वस्तुस्थिती आक्षेप म्हणून पुढे करण्याऐवजी वाचनाचे कारण म्हणून स्वीकारावी असे आमचे म्हणणे आहे.

शिवाय ही भाषा वाटते तितकी दूरची नाही. लीळाचरित्राची वाक्ये छोटी आहेत. पुष्कळशी संभाषणाची आहेत. गोसावी अमुक गावी आले, अमुक ठिकाणी वस्ती झाली, कोणी काही विचारले, त्यांनी काही सांगितले, अशा बेताने लीळा पुढे सरकते. 'पहुड' हा शब्द पाहून आजचा वाचक क्षणभर अडतो, पण 'पहुडणे' हे क्रियापद त्याच्या ओळखीचे असते. 'व्याळी' वाचून शहरातला विद्यार्थी शब्दकोश उघडतो. ज्याच्या घरी रात्रीच्या जेवणाला अजून ब्याळू म्हणतात त्याला कोश लागत नाही. याचा अर्थ असा की, या वाचनात मंडळातील जाणत्यांची आणि नेणत्यांची नेहमीची उतरंड उलटण्याचा संभव आहे. गोदावरीकाठच्या किंवा वऱ्हाडातल्या खेड्यातून आलेला, आपली बोली वर्गात दबकत वापरणारा विद्यार्थी एखाद्या ओळीचा अर्थ प्राध्यापकाला सांगू लागेल. आधुनिक कादंबरीच्या चर्चेत समीक्षेची परिभाषा अवगत असणारे चारजण बोलतात आणि इतर ऐकतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. येथे ती परिभाषा फारशी उपयोगी पडणार नाही, आणि ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते.

दुसरे कारण ग्रंथाच्या घडणीतच आहे. चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून आणि इतर भक्तजनांकडून म्हाइंभटांनी मिळविल्या. ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली, त्याच्यापर्यंत जाऊन त्यांनी ती पडताळून घेतली, असे परंपरा सांगते. म्हाइंभट स्वतः शास्त्रे जाणणारे विद्वान होते. त्यांना ग्रंथ एकटाकी रचता आला असता. त्यांनी अनेकांच्या स्मरणाला प्रमाण मानले. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली आणि पंथातील मंडळींनी आपापल्या आठवणीतून तिचे पाठ पुन्हा उभे केले. अशा रीतीने हा ग्रंथ दोनदा अनेकांनी मिळून आठवलेला आहे. अशा ग्रंथाचे वाचन अनेकांनी मिळून करणे हे त्याच्या स्वभावाला धरून होईल.

येथून तिसरा मुद्दा निघतो, तो पाठभेदांचा. 'कोणते लीळाचरित्र वाचावयाचे?' असा प्रश्न आमच्या एका सहकाऱ्याने केला, आणि तो रास्त आहे. आवृत्त्यांत लीळांचा क्रम, संख्या, शब्दयोजना यांत फरक आहेत. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने हा अनुभव एकदा तरी घ्यावयास नको काय? छापील पुस्तक हातात आले की संहिता ही निसर्गतःच स्थिर असते असा त्याचा समज होतो. तीच लीळा दोन आवृत्त्यांत शेजारी शेजारी ठेवून वाचली, एका ठिकाणी असलेले वाक्य दुसऱ्या ठिकाणी नाही हे पाहिले, की संपादक काय काम करतो आणि स्मरण काय काम करते हे त्याला डोळ्यांनी दिसेल. पाठचिकित्सेवरील दहा व्याख्यानांनी हे साधत नाही.

चौथा मुद्दा ग्रंथातील स्त्रियांचा. महदाइसा, बाइसा, आउसा, हिराइसा, देमाइसा अशा कितीतरी स्त्रिया या लीळांतून वावरतात. त्या दर्शन घेऊन मागे सरत नाहीत. विचारतात, रुसतात, सेवेचा हक्क सांगतात, एकमेकींवर नाराजही होतात. महदाइसेची प्रश्न विचारण्याची हौस स्वामींनाही कौतुकाची वाटते, आणि हीच महदाइसा पुढे 'धवळे' रचते. स्त्रीचा मासिक स्राव हा देहाच्या इतर स्रावांसारखाच आहे, त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, ही चक्रधरांची भूमिका तर सुपरिचित आहे. यमूच्या कहाणीने आपण हळहळतो ते योग्यच आहे. परंतु तिच्या सहाशे वर्षे आधी मराठी गद्यात प्रश्न विचारणाऱ्या स्त्रिया होत्या, हे ठाऊक असलेला वाचक 'पण लक्षात कोण घेतो' अधिक अस्वस्थ होऊन वाचेल. त्या कादंबरीचा क्रम लीळाचरित्रानंतर लागावा असे आम्ही म्हणतो, त्यामागे हा विचार आहे.

आता एका नाजूक बाबीविषयी. लीळाचरित्र हा एका जिवंत पंथाचा पूज्य ग्रंथ आहे. श्रद्धावंतासाठी लीळा ही स्मरणाची, उपासनेची गोष्ट आहे. आपण तिच्यात गद्यशैली आणि समाजजीवन शोधू लागलो तर ते त्याला कोरडे, प्रसंगी उद्धटपणाचेही वाटू शकेल. हा ताण आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. म्हाइंभटांनी साहित्यकृती निर्माण करण्यासाठी हा उद्योग केला नव्हता, हेही उघड आहे. तरीही ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध हे ग्रंथ आपण भक्तांच्या शेजारी बसून साहित्य म्हणून वाचत आलोच आहोत. पथ्य एवढेच पाळावे की, लीळांतील अलौकिक घटनांची टवाळी होऊ नये आणि त्यांच्या समर्थनाचाही आग्रह नसावा. शक्य झाल्यास पंथाच्या परंपरेत हा ग्रंथ शिकलेल्या एखाद्या अभ्यासकाला आरंभीच्या बैठकांना बोलवावे. जे अर्थ कोशात नाहीत, ते त्यांच्याकडे निश्चित असतील.

राहता राहिला आक्षेप रूक्षतेचा. यात तथ्य आहे. कित्येक लीळा दोन-चार वाक्यांच्या आहेत. कोठे वस्ती झाली, कोणी काय वाढले, कोण भेटीस आले, एवढाच मजकूर त्यांत असतो. कथानक नाही, पात्राचा विकास नाही. काही संध्याकाळी कोरड्या जातील हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. मात्र या तपशिलांतूनच यादवकाळातील वाटा, बाजार, मठ-देवळे, कपडेलत्ते, खाणेपिणे हळूहळू दिसू लागतात, आणि राजाच्या दरबारापासून दूर असलेली साधी माणसे आपापल्या नावांनिशी समोर येतात. भडोचच्या बाजूने आलेला, जन्माने गुजराती असलेला एक पुरुष मराठी मुलखात गावोगाव हिंडतो आणि तिथल्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलतो, हे चित्र आजच्या भाषिक वादांच्या काळात सावकाश पाहण्याजोगे आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने आमची सूचना अशी : आरंभ पूर्वार्धापासून करावा. दर बैठकीस पंधरा-वीस लीळांपेक्षा अधिक घेऊ नयेत. घरून वाचून येण्याची सक्ती नसावी. बैठकीतच आळीपाळीने मोठ्याने वाचन व्हावे. एकाच्या हाती कोलते यांची आवृत्ती असावी, दुसऱ्याच्या हाती तुळपुळे यांची. अडलेला प्रत्येक शब्द एका वहीत उतरवावा आणि तो आपल्या भागात अजून कोणी वापरतो काय याची चौकशी पुढील बैठकीपर्यंत करून यावे. सहा महिन्यांत ग्रंथ संपणार नाही. न संपला तरी, आपल्या हाती एक शब्दवही असेल आणि वेच्यांपलीकडचे लीळाचरित्र ठाऊक असलेली वीस माणसे असतील.

मंडळाचा कौल दुसऱ्या पुस्तकाच्या बाजूने पडला तर आम्ही तेही तितक्याच आवडीने वाचू. विनंती एवढीच आहे की, मतदानापूर्वी सशाची लीळा एकदा सर्वांनी ऐकावी. पाठीमागे शिकारी लागलेला ससा गोसावींच्या मांडीखाली आसरा घेतो. पैजेचा ससा म्हणून शिकारी तो परत मागतात. शरण आलेल्याला परत देण्यास स्वामी नकार देतात आणि त्या माणसांशी बोलू लागतात. वाचावयास पाच मिनिटेही लागणार नाहीत. ती ऐकून झाल्यावर भाषा खरोखर किती कठीण आहे, हे प्रत्येकाने स्वतःच्या कानाने ठरवावे आणि मग मत द्यावे.